दोरीच्या शेवटच्या टोकाला

१ फेब्रुवारी, रविवार

तोंडाला आवर घालणारं औषध कुणी काढलं तर पहिली बाटली मी घेईन.

आज धाकट्या दिरांकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर धाकट्या जावेने आपले शर्यतींतले फोटो दाखवायला काढले. ती शाळेत भूगोल शिकवते आणि पहाटे धावते, आणि दोन्ही गोष्टी जगाच्या भल्यासाठी करत असल्याचा तिचा चेहरा असतो. फोटोत ती, छातीवर नंबर, मागे सुरुवातीची कमान. असे नऊ फोटो, नऊ कमानी. मी तेव्हा पुडिंगची वाटी दुसऱ्यांदा भरत होते.

"ताई, तुम्ही निदान चालायला तरी लागा," ती म्हणाली. "पाच किलोमीटर. हळूहळू."

तो 'हळूहळू' तिने माझ्या वाटीकडे बघून म्हटला, म्हणून माझं डोकं फिरलं.

"चालायचं काय त्यात? धावून दाखवीन!"

सगळे गप्प. दीर खोकले. ह्यांनी चमचा खाली ठेवला. हे गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे अपघाताच्या आधीची शांतता ह्यांना बरोबर ओळखू येते.

पाच मिनिटांत जावेने फोनवर माझं नाव नोंदवलं. २९ मार्च, पाच किलोमीटर. वर तिचा जुना मनगटी पट्टा माझ्या हातात बांधला. किती पावलं, किती अंतर, काळीज किती वेळा धडधडलं, सगळं त्यात कळतं. मला एकटीला नाही, घरच्या ग्रुपवर सगळ्यांना.

"मजा येईल, ताई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, येते म्हणतात."

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे साडेपाचला तळ्याकाठच्या बागेत गेले. फोनमध्ये एक बाई आहे, ती गोड आवाजात हुकूम सोडते. "आता एक मिनिट धावा." धावले. तिचं मिनिट आणि माझं मिनिट एकाच कारखान्यात बनलेलं नाही. चौथ्या मिनिटाला एक काठी टेकणारे आजोबा मला मागे टाकून गेले. त्यांनी वळून विचारलंही, "बरं वाटत नाहीये का?"

"छान, तुम्ही उत्तम करताय!" फोनमधली बाई म्हणाली. मी तेव्हा बाकावर आडवी होते. एवढं खोटं मी आमच्या मॅनेजरच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा दिवस. पहिल्याहून वाईट. घरी येऊन पायऱ्या बसून चढले. म्हणजे एक पायरी बसायचं, मग वरच्या पायरीवर बसायचं. हे दारात उभे राहून बघत होते.

"तू ब्रेकवर पाय ठेवून ॲक्सिलरेटर दाबतेस," हे म्हणाले.

"म्हणजे काय?"

"काही नाही. इंजिन चांगलं आहे, रस्ता चुकलाय."

ह्यांना गाडीशिवाय बोलताच येत नाही. दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज एक गोष्ट केली. डायरीत खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते.

मी इस्पितळाच्या लॉन्ड्रीची प्रमुख आहे. माझ्यासकट अकरा जणी, तीन मोठी धुलाई यंत्रं, रोज सातशे चादरी, अभ्रे आणि हिरवे गाऊन वेगळे. मी दिवसभर उभी असते, पण उभं राहण्याचे किलोमीटर धरत नाहीत. चालतो तो आमचा ट्रॉलीवाला. सकाळी सातपासून प्रत्येक वॉर्डात धुतलेलं पोचवायचं आणि मळलेलं आणायचं. पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा माणूस आहे. सगळे त्याला 'एक्सप्रेस' म्हणतात.

"एक्सप्रेस, हा पट्टा जरा तुमच्या हातात बांधू का? दिवसभरच."

त्याने पट्टा बघितला, मला बघितलं, आणि एक प्रश्न न विचारता मनगट पुढे केलं. "काळजी नको, बाई. तुमचं काळीज माझ्या हातात सुरक्षित आहे."

संध्याकाळी ग्रुपवर आलं, तेरा किलोमीटर. दिरांनी तीन टाळ्या पाठवल्या. जावेने लिहिलं, "ताई!!!" लाज वाटली, पण फार वेळ नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक्सप्रेस पट्टा परत द्यायला विसरला. मी सोफ्यावर पाय वर करून बसले होते. हे फोनकडे बघत म्हणाले, "अगं, तू गेल्या दहा मिनिटांत अडीच किलोमीटर गेलीस."

एक्सप्रेस सायकलने घरी जातो, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"जुना पट्टा आहे, चुकतं कधीकधी," मी म्हणाले.

"हो ना. पण वेग छान आहे," हे म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं. त्या वर्तमानपत्राचा कागद बराच वेळ हलत होता. ह्यांना काही संशय आलेला नाही. वाचले.

१५ फेब्रुवारी, रविवार

पट्टा अजून एक्सप्रेसकडेच. सकाळी जावेचा फोन.

"ताई, काल संध्याकाळी तीन तास काय करत होतात? काळीज एकशे चाळीसवर होतं!"

मला काय माहीत एक्सप्रेस काय करत होता! "भिंती पुसत होते," मी सांगून टाकलं. शेजारी बसलेल्या ह्यांनी आमच्या भिंतीकडे सावकाश पाहिलं.

"तीन तास?" जाऊ म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता. "आणि कंटाळा नाही आला?"

"छे! कसला कंटाळा?"

"हो का," ती म्हणाली. मग म्हणे तिचा गुडघा जरा दुखतोय आणि तिने त्यावर निळी पट्टी लावलीय. मी विचारलंही नव्हतं. तिला आपल्या मेहनतीची जाहिरात करायची सवयच आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एक्सप्रेस पुतणीच्या वाढदिवसाला नाचला होता. तीन तास. वर म्हणतो, "तुमचं नाव खाली पडू दिलं नाही, बाई."

दुपारी ग्रुपवर जावेचा निरोप : "ताईंची तयारी बघता पाच किलोमीटर म्हणजे त्यांचा अपमान आहे. मी त्यांचं नाव दहामध्ये बदललंय!"

दहा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फोनमधली बाई काढून टाकली. काढतानाही विचारते, "नक्की?" नक्की, बाई, अगदी नक्की.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण त्यानंतर दिवसभर मी उगाचच हसत होते.

दोन नंबरच्या यंत्रात चाळीस चादरींना पीळ बसला. ओल्या चादरी एकमेकींत अडकून मांडीएवढी जाड वेणी झाली आणि तिचं टोक तेवढं दारातून बाहेर. दोघींनी ओढलं. मग 'वाफ' आली. ती स्टीम प्रेस चालवते, आणि तिला हे नाव प्रेसमुळे पडलं की स्वभावामुळे, हे कुणी तिला विचारलेलं नाही. तिने ओढलं, यंत्राला दोन शिव्या घातल्या, लाथ मारली. वेणी तसूभर हलेना.

"व्हा बाजूला," मी म्हणाले. टोक काखेतून घेऊन पाठीवर टाकलं, टाचा फरशीच्या खोबणीत रोवल्या आणि मागे बसले. ओढलं असंही नाही, नुसती मागे बसले, सगळ्या देहानिशी. आधी काहीच झालं नाही. मग आत काहीतरी हळूच सुटलं, एक इंच, एक वीत, एक हात, आणि मग चाळीसच्या चाळीस चादरी एकदम बाहेर. मी खाली आपटले, चादरी माझ्यावर. ओल्या ढिगाखाली मला हसू आवरेना. वाफ वरून ओरडत होती, "बाई, जिवंत आहात ना?"

ढीग उपसला तेव्हा समोर बॉयलरकाका उभे. ते बॉयलर सांभाळतात, साठीला आलेत, आणि वर्षातून चार वाक्यं बोलतात. आज एका दमात तीन बोलले.

"मी बारा वर्षं रस्सीखेच खेळलो. अशी शेवटची बाई मी जन्मात पाहिली नाही. वर्धापनदिनाच्या स्पर्धेत आपण टीम घालतोय."

"शेवटची बाई म्हणजे?"

"दोरीच्या शेवटच्या टोकाला असते ती. दाराची कडी." हे झालं चौथं. आता पुढल्या वर्षीच बोलतील.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अंदाज चुकला. काका बोलायचे थांबतच नाहीत.

"हातांनी नाही, पायांनी! हात म्हणजे कुलूप, ते नुसतं लावायचं! आभाळाकडे बघा! वाफ, तोंड बंद, दम तिथून जातो!"

पाळी संपल्यावर सव्वाचारला, कपडे वाळत घालायच्या अंगणात सराव. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. आठ जणी, मी शेवटची. दोरी कमरेभोवतून खांद्यावर घ्यायची आणि मागे झुकायचं. पुढच्या सात जणींचा जोर दोरीतून माझ्या पाठीत येतो. कुणाचा पाय घसरला तर मला न बघता कळतं कोण ते. वाफ ओढते तेव्हा दोरी रागावल्यासारखी थरथरते.

पळताना मी सारखं घड्याळ बघायचे. आज बघितलं तेव्हा सव्वासहा झाले होते आणि ह्यांचे चार फोन येऊन गेले होते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

समोर ओढायला कुणी नाही म्हणून काकांनी दोरी लॉन्ड्रीच्या व्हॅनला बांधली. गिअर काढलेला, हँडब्रेक सोडलेला. "जड वस्तू चालू करायची सवय लागते," म्हणाले. आम्ही ओढली. व्हॅन निघाली. इतका आनंद झाला की थांबायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि पुढे उतार.

व्हॅन आम्हाला मागे टाकून सरळ इस्पितळाच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि बटाट्यांच्या पोत्यांना टेकून थांबली. तेव्हा समजलं की ड्रायव्हर आत झोपला होता. त्याने डोळे उघडले, समोर बटाटे. अजून तो कुणाशी बोलत नाही.

स्वयंपाकघराची प्रमुख बाहेर आली. तिला सगळे 'पातेलं' म्हणतात. रोज चारशे माणसांच्या सुपाचं पातेलं ती एकटी उतरवते. तिने व्हॅन बघितली, दोरी बघितली, आम्हाला बघितलं.

"स्पर्धा आहे वाटतं?"

"हो."

"मग आम्हीही येतो," ती म्हणाली आणि एका हाताने पोतं उचलून बाजूला ठेवलं. काकांचा चेहरा पडला.

६ मार्च, शुक्रवार

नियमांचा कागद आला. एक : टीममध्ये कर्मचारी किंवा कर्मचाऱ्यांचे कुटुंबीय चालतील. दोन : आठ जणींचं मिळून वजन सहाशे किलोच्या आत.

मळक्या कपड्यांची गाठोडी तोलायचा आमचा मोठा काटा आहे, त्यावर एकेक उभी राहिली. वजन मोठ्याने सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण काका ते मोठ्याने लिहीत होते. माझं ब्याऐंशी. एक चादर साडेपाचशे ग्रॅमची, म्हणजे मी साधारण दीडशे चादरी. चादरींत सांगितलं की तितकं वाईट वाटत नाही.

एकूण सहाशे चार. चार किलो जास्त. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी करते कमी," मी म्हणाले. आयुष्यभर हेच वाक्य म्हणत आलेय.

"खबरदार!" काका ओरडले. "तुम्ही एक ग्रॅमही कमी करायचा नाही. बाकीच्या सातांनी करायचं."

मला वजन कमी करायला मनाई झाली. जन्मात पहिल्यांदा. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मी तेवीस वर्षं काय वेगळं सांगतोय?" ह्यांनी कधी सांगितलं, मला तर आठवत नाही.

१० मार्च, मंगळवार

आज जाऊ लॉन्ड्रीत टपकली. धावताना चोखायची गोड पाकिटं माझ्यासाठी आणली म्हणे. नेमका सराव चालू होता.

"हे काय करताय, ताई?"

"हे... पायांची ताकद. धावण्यासाठी."

मला वाटलं, पाकिटं देऊन जाईल. गेली नाही. भिंतीला टेकून चाळीस मिनिटं उभी. वाफेचा पाय सुटून अख्खी रांग पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली आणि सगळ्या खिदळायला लागल्या, तेव्हा ही दोन पावलं पुढे आली. मग परत मागे गेली. निघताना दोरीचं मोकळं टोक उचललं, हातावर तोलून बघितलं आणि विचारलं, "रोज असं हसता?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी," वाफ म्हणाली.

हेरगिरी. दुसरं काय? आता ग्रुपवर काहीतरी टाकेल.

१२ मार्च, गुरुवार

ग्रुपवर काहीच टाकलं नाही. हे जास्त धोक्याचं.

१९ मार्च, गुरुवार

काट्यावर सहाशे एक. वाफेने केस कापले. वीस ग्रॅम. ते केस तिने स्वतः काट्यावर ठेवून दाखवले आणि वर आम्हालाच विचारलं, "तुम्ही काय दिलंत?"

माझं ऐंशीवर आलंय. मी काही केलं नाही, शपथ. काका इतके चिडले की बॉयलरच्या झाकणावर भाजलेले तीन बटाटे माझ्यासमोर ठेवून मी संपवेपर्यंत उभे राहिले. मधल्या जिन्याने चार मजले चढून गेले आज, ऑपरेशन थिएटरचे गाऊन मोजायला. वर पोचल्यावर आठवलं की मी लिफ्टने जाते.

२३ मार्च, सोमवार

सत्यानाश.

स्पर्धांचं वेळापत्रक लागलं. महिला रस्सीखेच : रविवार, २९ मार्च, सकाळी साडेसात. त्याच सकाळी, त्याच वेळी, गावाच्या दुसऱ्या टोकाला मी दहा किलोमीटर धावणार आहे.

वाफ म्हणते, सरळ सांगून टाका. एक्सप्रेस म्हणतो, "नंबर मला द्या, बाई. मी धावतो. मिश्या काढाव्या लागल्या तर काढतो." त्याचे डोळे भरून आले होते. ह्या जगात अशी माणसं आहेत.

२४ मार्च, मंगळवार

आजारी पडायचं ठरवलं. घोटा मुरगळला असं सांगायचं. आरशासमोर लंगडून बघितलं. हे मागून म्हणाले, "सकाळी उजवा होता."

"अहो, मी काय करू?"

"समोर खड्डा दिसतोय ना? मग वळण घे. खड्ड्याला हॉर्न वाजवून काय होणार?"

"म्हणजे तुम्हाला माहितेय?"

"अगं, तू रोज साडेचार वाजता बारा किलोमीटरच्या वेगाने एका सायकलच्या दुकानासमोरून जातेस. तिथेच मी शिकाऊ मुलांना गाडी वळवायला शिकवतो. एक्सप्रेस मला रोज हात करतो. पट्टा असलेला हात."

दीड महिना! दीड महिना हा माणूस त्या वर्तमानपत्रामागे हसत होता.

२६ मार्च, गुरुवार

जाऊ नंबर घेऊन आली. तिचा आणि माझा. कागदाचे, चार टाचण्या जोडलेल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी चहा ठेवला, तो उतू जाईपर्यंत गॅसपाशीच उभी राहिले, आणि भिंतीकडे तोंड करूनच सांगून टाकलं.

"मी धावणार नाही. मी एकूण दोनदा धावलेय. म्हणजे दोन दिवस. बाकीचे सगळे किलोमीटर आमच्या ट्रॉलीवाल्याचे आहेत."

मागे खुर्ची करकरली.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे."

"आणि ते तीन तास? भिंती?"

"त्याच्या पुतणीचा वाढदिवस होता. तो नाचला."

मी वळले. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. हसत होती. इतकी हसली की खुर्चीवरून घसरली आणि तिला पाणी द्यावं लागलं. "मी दीड महिना," तिला बोलता येईना, "ताई, मी दीड महिना एका ट्रॉलीवाल्यावर जळत होते!"

मग जरा वेळाने, डोळे पुसत : "मला वाटायचं, ताईंना जमतंय, मजाही येतेय, मग माझंच काय चुकतंय? मला धावताना एकच विचार येतो. कधी संपणार."

"मग धावतेस कशाला?"

"लोक विचारतात ना आता. पुढची कधी, म्हणून."

किती मनाचा मोठेपणा! मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःलाच कमीपणा घेत होती. तिच्याबद्दल इतकी वर्षं उगीच वाकडं बोलले. जाताना माझा नंबर घेऊन गेली, स्वतःचा टेबलावरच विसरली. मी धावत जाऊन दिला. तेवढंच काय ते माझं धावणं.

२८ मार्च, शनिवार

पाचशे नव्व्याण्णव आणि चारशे ग्रॅम! वाफ काट्यावरच नाचली, त्यामुळे पुन्हा मोजावं लागलं.

२९ मार्च, रविवार

बोटं वाकत नाहीत. तरी आजचं आजच लिहायचं.

सात वाजता इस्पितळामागच्या मैदानावर पोचलो. सात वाजून दहा मिनिटांनी निरोप, आमची चादरींच्या घड्या घालणारी, दोरीवर पहिल्या जागेची, हिच्या पायावर घरी टेबल पडलं. बोट सुजलंय, चप्पल जात नाही. सात जणींना खेळू देत नाहीत. बाकीच्या तिघींपैकी दोघी पाळीवर, तिसरी सुट्टीवर. काकांनी टोपी काढून जमिनीवर आपटली, उचलली आणि पुन्हा आपटली.

तेवढ्यात फाटकातून जाऊ आत. धावण्याचा पोशाख, छातीवर नंबर.

"तू इथे? तुझी दौड?"

"जात होते. सिग्नलला थांबले, आणि गाडी इकडेच वळली," ती म्हणाली. मागे माझे हे उभे. गाडी हेच चालवत होते, हे मला नंतर कळलं.

मला वाटलं, बघायला आलीय. मी म्हटलं, बस तिथे सावलीत, पण आमचं काही खरं नाही, एक बाई कमी आहे. ती बसली नाही. काकांकडे गेली.

"कुटुंबीय चालतात ना? मी ह्यांची जाऊ."

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वजन?"

"एक्कावन्न."

"एक्कावन्न!" काकांनी डोळे मिटले. मग उघडले. "बूट काढा. ह्या बुटांनी बर्फावर गेल्यासारख्या घसराल. पहिल्या जागेवर. आणि काही झालं तरी दोरी सोडायची नाही."

"सोडणार नाही," ती म्हणाली आणि छातीवरचा नंबर काढून बुटात कोंबला.

पहिली फेरी डॉक्टरांशी. सगळ्या व्यायामशाळेत जाणाऱ्या, सारखे टी-शर्ट, पांढरे हातमोजे. त्यांची प्रमुख भूलतज्ज्ञ. ती आपल्या टीमला दम धरायला दहापासून उलटे आकडे मोजायला लावत होती. सवयीचा परिणाम असेल, सातपर्यंत येईस्तोवर त्या सगळ्या आडव्या झाल्या. दोनदा. मैदानाभोवती लॉन्ड्रीच्या नावाने ओरडा झाला. लॉन्ड्रीच्या नावाने आजवर कुणी ओरडलं तर ते चादर कमी पडली म्हणून.

अंतिम फेरी पातेल्याच्या टीमशी. त्यांचं वजन पाचशे नव्व्याण्णव, आमचं आता पाचशे शहात्तर. तेवीस किलो म्हणजे बेचाळीस चादरी. पातेलं माझ्यासारखीच, शेवटच्या टोकाला. मैदानाच्या दोन टोकांवरून आम्ही एकमेकींना मान लवून नमस्कार केला.

पहिला डाव त्यांनी घेतला. दुसरा आम्ही. कसा, ते मला माहीत नाही. मी आभाळच बघत होते. तिसऱ्याला शिट्टी झाली आणि दोरी ताठ झाली, आणि मग काहीच झालं नाही. कुणीच हलेना. एक मिनिट गेलं. दोन. दोरीतून सातही जणी माझ्या पाठीत येत होत्या. वाफेची थरथर ओळखीची. आणि सगळ्यात दूर, पहिल्या जागेवरून, एक बारीक, न तुटणारी ओढ. एक्कावन्न किलोची. काकांचा आवाज बसला होता, ते नुसते हातवारे करत होते. एक्सप्रेस कठड्यावर चढून "बाई! बाई! बाई!" ओरडत होता, आणि ह्यांना म्हणे एवढंच सुचलं, "पहिला गिअर! पहिल्यातच ठेव!"

तिसऱ्या मिनिटाला पातेल्याने नुसता एक श्वास सोडला आणि एक पाऊल मागे टाकलं. फक्त एक. त्यानंतर आम्ही चारशे माणसांचं सूप असल्यासारख्या अलगद पुढे ओढल्या गेलो.

हरलो.

मी उताणी पडले होते. कुणीतरी मातीतून रांगत माझ्यापर्यंत आलं. जाऊ होती. केस मोकळे, कानात माती, दोन्ही तळहात लाल. माझ्या शेजारी धप्पकन पडली.

"ताई, आपण हरलो ना?"

"हरलो गं."

"मग मला इतकं हसू का येतंय?" म्हणाली आणि माझ्या दंडावर डोकं ठेवून इतकी हसली की मीही सुरू झाले, मग वाफ, मग सगळी रांग. पातेलं आम्हाला उठवायला आली. दोन्ही हातांनी आम्हा दोघींना एकदम उभं केलं आणि म्हणाली, "तुमच्या पहिल्या जागेवरची काडी कुठून आणलीत? हिने मला तीन मिनिटं उभं धरलं."

जावेला कुणी काडी म्हटलेलं एरवी चाललं नसतं. आज तिने तेच नाव सगळ्यांना हौसेने सांगितलं. दिरांनाही फोन करून सांगितलं.

३० मार्च, सोमवार

हात खांद्याच्या वर जात नाहीत. ह्यांनी माझे केस विंचरले. भांग डावीकडे काढायचा की उजवीकडे हे ठरवायला चार मिनिटं लावली आणि आधी इशारा दिला, हात बाहेर काढून.

३१ मार्च, मंगळवार

खरं तर आज सराव नव्हता. पुढची स्पर्धा वर्षभराने. तरी सव्वाचारला सगळ्या अंगणात. काकांनी दोरी आणली होती, वाळवायला म्हणून. वाळवण्यासाठी तिचं एक टोक वाफेच्या आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

साडेचारला जाऊ आली. बगलेत तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, पायात दिरांचे जुने, खरबरीत तळाचे बूट, दोन मापं मोठे. वह्या बाकावर ठेवल्या आणि कुणाला न विचारता पहिल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"इथून बरं दिसतं," ती म्हणाली. "समोरच्याचं तोंड दिसतं. धावताना नुसत्या पाठी असतात."

जाताना विचारत होती, शुक्रवारी किती वाजता. म्हटलं, तुझ्या धावण्याचं काय? तर म्हणाली, बघू.

मला वाटतं, तिला धावण्याचा थोडा कंटाळा आला असावा. एकदा विचारून बघायला हवं.